तेरापैकी तेरा, तरीही पाचवा

जत्रेतला कुस्त्यांचा फड उठला की गावच्या पारावर एक वाद हमखास पेटतो. एका तालमीचा मल्ल यंदा एकही कुस्ती हरलेला नाही. दुसऱ्या तालमीचा मल्लही हरलेला नाही. दोघांची गाठ मात्र एकदाही पडलेली नाही. मग मोठा कोण? कुणी अंगापिंडाकडे बोट दाखवतं, कुणी वस्तादाच्या नावाकडे. शेवटी एखादा जाणता म्हातारा विचारतो, "ते राहू दे. ह्यानं पाडलंय कुणाकुणाला, ते सांग."

हाच प्रश्न अमेरिकेतले कोट्यवधी लोक दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की विचारू लागतात. तिथले मल्ल म्हणजे विद्यापीठांचे फुटबॉल संघ. ३ डिसेंबर २०२३ च्या रविवारी हा वाद असा पेटला की त्याची धग राजकारणापर्यंत पोचली. फ्लोरिडा राज्याच्या राजधानीतली, तलाहासी शहरातली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी त्या मोसमात तेरा सामने खेळली आणि तेराही जिंकली. विजेतेपदाच्या बाद फेरीत जागा चार. त्या चार जागांमध्ये एक-एक सामना हरलेले दोन संघ बसले आणि फ्लोरिडा स्टेटचा नंबर लागला पाचवा. सगळे सामने जिंकलेला संघ बाहेर कसा राहतो, हे समजून घ्यायचं तर आधी हा मोसम कसा बांधलेला असतो ते पाहावं लागेल.

चौकट: हा फुटबॉल कोणता?

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. इथे चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, आणि मैदानाची लांबी १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर नवे चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे जातो. कबड्डीतल्या चढाईसारखा प्रत्येक प्रयत्न वेगळा असतो: झटापट होते, माणूस पडतो, शिट्टी वाजते, सगळे पुन्हा रांगेत उभे राहतात. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेलं की टचडाऊन, त्याचे सहा गुण. दांड्यांमधून चेंडू लाथाडला तर तीन. चढाई आखणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. संघाचा सगळा डाव त्याच्या हातातून जातो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

१३३ संघ, बारा सामने

अमेरिकेत पहिला महाविद्यालयीन फुटबॉल सामना १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. आज हा खेळ तिथल्या विद्यापीठांच्या ओळखीचा भाग झाला आहे. पर्ड्यू, ओहायो स्टेट किंवा टेक्सास ए अँड एममध्ये शिकायला गेलेल्या मराठी मुलांचे एकाच रंगाचे शर्ट घातलेले फोटो सप्टेंबरपासून घरच्या ग्रुपवर येऊ लागतात, ते या शनिवारच्या सामन्यांमुळेच. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. तलाहासी हे जेमतेम दोन लाख वस्तीचं शहर, पण तिथल्या स्टेडियममध्ये सुमारे ऐंशी हजारांची सोय होती.

२०२३ साली सर्वांत वरच्या श्रेणीत १३३ संघ होते. प्रत्येकाने मोसमात बारा सामने खेळायचे. आता साधा हिशेब करू. प्रत्येक संघाने इतर प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हटलं तर ८,७७८ सामने लागतील. प्रत्यक्षात होतात साधारण आठशे. म्हणजे दर अकरा जोड्यांपैकी दहा जोड्यांची कधी गाठच पडत नाही.

आयपीएलमध्ये ही अडचण नाही. दहा संघ, प्रत्येकी चौदा सामने. प्रत्येकजण प्रत्येकाशी निदान एकदा भिडतो आणि गुणतक्ता खरं बोलतो. इथे बाराऐवजी तीस सामने का खेळवत नाहीत? कारण शरीर. शंभर-सव्वाशे किलोची माणसं धावत येऊन एकमेकांवर आदळतात. त्या माराने सुजलेलं अंग बसायला आठवडा लागतो, म्हणून सामना आठवड्यातून एकच. खेळाडू विद्यार्थी आहेत, आणि ऑगस्टअखेर सुरू झालेला नियमित मोसम नोव्हेंबरअखेर संपवायचा असतो. त्यात तेरा-चौदा शनिवार मिळतात, एखादा विश्रांतीचा. बाराच सामने मावतात.

त्यामुळे प्रत्येकी बारा उत्तरपत्रिका तपासून १३३ विद्यार्थ्यांचा क्रम लावायचा आहे, आणि प्रत्येकाला प्रश्नपत्रिका वेगळी मिळालेली आहे. सगळा गोंधळ या एका गोष्टीतून उगवतो.

सामने जोडतं कोण?

बारापैकी आठ-नऊ सामने आपल्या घराण्यातल्यांशीच असतात. या घराण्यांना तिथे कॉन्फरन्स म्हणतात; आपण गट म्हणू. २०२३ मध्ये पाच गट बलाढ्य मानले जात. दक्षिणेतल्या संघांचा एसईसी हा त्यांतला सर्वांत दबदब्याचा. अलाबामा आणि जॉर्जिया त्यातले. फ्लोरिडा स्टेटचा गट एसीसी, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याकडच्या विद्यापीठांचा. मोसम संपताना प्रत्येक बलाढ्य गटातले दोन संघ गटविजेतेपदासाठी खेळतात. तो तेरावा सामना.

उरलेले तीन-चार सामने विद्यापीठं आपापसांत ठरवतात, आणि बऱ्याचदा काही वर्षं आधी. इथे जत्रेत कुस्त्या जोडण्यासारखंच कसब लागतं. तोडीस तोड जोड घेतली तर नाव होतं, पण हरण्याचा धोकाही असतो. म्हणून मोठी विद्यापीठं एखादा सामना कच्च्या संघाशी जोडतात आणि त्याला आपल्या मैदानावर येण्याचे पैसे देतात. लहान विद्यापीठाला त्या पैशांत वर्षाचा मोठा खर्च भागवता येतो. मोठ्याच्या खात्यात एक विजय जमा होतो.

कधी कधी हा हिशेब उलटतो. १ सप्टेंबर २००७ रोजी देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनने खालच्या श्रेणीतल्या अॅपलेशियन स्टेटला चार लाख डॉलर देऊन बोलावलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या त्या संघाने शेवटच्या क्षणी मिशिगनची किक अडवली आणि सामना ३४-३२ असा जिंकला. एक लाखाहून अधिक माणसांचं स्टेडियम सुन्न झालं. कच्चा म्हणून बोलावलेला मल्ल कच्चाच असेल याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि नुसत्या नावावरून क्रम लावणाऱ्यांनी हे विसरू नये असं मला वाटतं.

तिघांचं रिंगण

"कुणाला पाडलंय" हे पाहावं, म्हणजे सुटला ना प्रश्न? नाही सुटत. २००८ चा मोसम पाहा. एकाच गटातले तीन संघ: टेक्सास, ओक्लाहोमा आणि टेक्सास टेक. टेक्सासने ओक्लाहोमाला ४५-३५ असं हरवलं. टेक्सास टेकने टेक्सासला ३९-३३ असं हरवलं. आणि ओक्लाहोमाने टेक्सास टेकचा ६५-२१ असा धुव्वा उडवला. तिघेही आपापले बाकीचे सामने जिंकले. तिघांच्या नावावर अकरा विजय, एक पराभव.

आता कुणालाही पहिला ठरवा, त्याला हरवलेला संघ समोर येऊन उभा राहतो. लहान मुलांच्या दगड-कागद-कात्रीसारखं हे रिंगण आहे. त्यातून बाहेर पडायचं तर रिंगणाबाहेरचं काहीतरी मोजावं लागतं: इतर प्रतिस्पर्धी किती बळकट होते, किंवा विजय किती मोठे होते. त्या वर्षी गटाच्या नियमानुसार राष्ट्रीय क्रमवारीत जो वर तो पुढे, असं ठरलं आणि अगदी थोडक्या फरकाने ओक्लाहोमा पुढे गेला. टेक्सासचे चाहते आजही ४५-३५ हे आकडे विसरलेले नाहीत.

पत कशी मोजायची?

प्रतिस्पर्ध्याचं बळ मोजणं म्हणजे बाजारातली पत मोजण्यासारखं आहे. माझी पत कशावर? मी कुणाशी व्यवहार निभावले त्यावर. त्यांची पत? त्यांनी कुणाशी निभावले त्यावर. हा धागा ओढत गेलं की फिरून आपल्यापाशीच येतो. वाटतं की हे गणित सुटायचंच नाही. पण ते सुटतं, आणि सोडवण्याची एक सुंदर रीत वेस्ली कॉली या खगोलशास्त्रज्ञाने मांडली. १९९८ ते २०१३ या काळात राष्ट्रीय क्रमवारीसाठी ज्या संगणकीय पद्धतींचा आधार घेतला जाई, त्यांतली ही एक होती.

सुरुवातीला प्रत्येक संघाची पत अर्धी, म्हणजे ०.५ धरायची. कुणाबद्दल काहीच माहीत नाही, तर मधोमध ठेवणं न्यायाचं. मग विजय मिळाला की पत वाढते, पराभव झाला की घटते. पण किती, हे समोरच्याच्या पतीवर ठरतं. समोरच्याची पत बदलली की माझी बदलते, माझी बदलली की त्याची. असं पुन्हा पुन्हा करत गेलं की आकड्यांची हालचाल हळूहळू थांबते. झोपाळ्याला एकदा झोका देऊन सोडला की तो कमी कमी होत एका जागी स्थिरावतो, तसं.

एक लहानसं उदाहरण मी कागदावर सोडवून पाहिलं. चार संघ घेऊ: क, ख, ग आणि घ. सामने फक्त तीन. क ने ख ला हरवलं, ख ने ग ला हरवलं, घ ने ग ला हरवलं. क आणि घ दोघेही एक सामना खेळून अपराजित. नुसते विजय मोजले तर दोघे सारखे. कॉलीच्या रीतीने आकडे स्थिरावतात ते असे: क ०.६६, घ ०.५९, ख ०.४८, ग ०.२७. क वर गेला, कारण त्याने ज्याला हरवलं तो ख निदान एक कुस्ती मारून आलेला होता. घ ने हरवलेला ग दोन्ही वेळा हरलेला. पारावरच्या म्हाताऱ्याने जे एका वाक्यात विचारलं, तेच गणिताने आकड्यांत सांगितलं.

या उदाहरणात क आणि ग कधी भेटलेच नाहीत, तरी ग च्या पराभवाचा परिणाम ख मार्फत क पर्यंत पोचला. खऱ्या मोसमात हे धागे १३३ संघांना आणि त्याही खालच्या श्रेणीला बांधून ठेवतात. २०१० मध्ये याचं प्रत्यंतर आलं. अॅपलेशियन स्टेट आणि वेस्टर्न इलिनॉय यांच्यातला खालच्या श्रेणीतला एक सामना कॉलीच्या नोंदीत राहून गेला होता. एवढी एकच नोंद भरली, आणि राष्ट्रीय क्रमवारीत दहावा असलेला एलएसयू (लुइझियाना स्टेट) अकरावा झाला, अकरावा बॉयझी स्टेट दहावा. दोघांचाही त्या सामन्याशी थेट संबंध नव्हता. ही चूक सापडली, कारण कॉलीने आपली रीत सगळ्यांसमोर उघडी ठेवली होती. इतर बहुतेक संगणकीय पद्धती झाकलेल्या होत्या. तिथे कुणी चूक शोधणार तरी कशी?

विजय किती मोठा होता, हेही गणितात धरता येतं, आणि धरलं तर भाकीत जास्त अचूक येतं. पण २००२ पासून संगणकांना ते धरायला मनाई झाली. कारण माणुसकीचं होतं: गुणांच्या फरकाला मोल आलं की सामना हातात आल्यावरही मोठा संघ लहान संघाला तुडवत राहतो. पडलेल्याला आणखी मारू नये म्हणून थोडी अचूकता सोडून दिली गेली. मला हा निर्णय आवडतो.

पत्रकार, संगणक, समिती

आधी हे काम फक्त माणसांचं होतं. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी जाहीर करते आहे. कित्येक दशकं राष्ट्रीय विजेता ठरायचा तो अशा मतांवर. पहिला आणि दुसरा संघ समोरासमोर येतीलच असं नव्हतं. १९९८ मध्ये मतं आणि संगणक यांची सांगड घालून वरचे दोन संघ अंतिम सामन्यासाठी निवडायची पद्धत आली. २००३ मध्ये तिचा तोल गेला. ओक्लाहोमाने गटाचा अंतिम सामना ३५-७ असा गमावला, तरी तो राष्ट्रीय अंतिम सामन्यात गेला, आणि पत्रकारांनी पहिला ठरवलेला सदर्न कॅलिफोर्निया संघ बाहेर राहिला. त्या वर्षी देशाला दोन विजेते मिळाले: एक अंतिम सामन्यातला, एक पत्रकारांच्या मतांतला.

२०१४ पासून दोनच्या जागी चार संघ आले आणि निवड पुन्हा माणसांकडे गेली. तेरा जणांची समिती: विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू वगैरे. मोसमाच्या उत्तरार्धात ही मंडळी दर आठवड्याला एकत्र बसतात, गुप्त मतदानाने थोड्या थोड्या संघांचा क्रम लावत जातात. स्वतःच्या विद्यापीठाची चर्चा निघाली की त्या सदस्याला खोलीबाहेर जावं लागतं. काय पाहायचं हे लिहून दिलेलं आहे: प्रतिस्पर्ध्यांचं बळ, समोरासमोरच्या लढतीचा निकाल, सामाईक प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे निकाल, गटविजेतेपद. आणि आणखी एक कलम आहे: महत्त्वाचा खेळाडू किंवा प्रशिक्षक उपलब्ध नसेल आणि त्याचा पुढच्या खेळावर परिणाम होण्यासारखा असेल, तर तेही विचारात घ्यावं.

फ्लोरिडा स्टेटचं नशीब या शेवटच्या कलमाने फिरवलं.

एक पाय आणि एक फेक

फ्लोरिडा स्टेटने मोसमाची सुरुवात एलएसयूला ४५-२४ असं हरवून केली होती. मग क्लेम्सनला त्यांच्या मैदानावर जादा वेळेत ३१-२४. ऑक्टोबर सरला तरी पराभव नाही. संघ क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसच्या हातात होता. १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध, म्हणजे खालच्या श्रेणीतल्या संघाशी जोडलेल्या सामन्यात, चेंडू घेऊन पळताना ट्रॅव्हिस पडला आणि त्याचा पाय मोडला. सामना ५८-१३ असा जिंकला, पण मोसम तिथेच वळला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या, टेट रोडमेकरच्या, हाती संघाने शेजारच्या फ्लोरिडा विद्यापीठाला २४-१५ असं हरवलं. मग तोही दुखापतीने बाहेर. २ डिसेंबरच्या गटविजेतेपदाच्या सामन्यात तिसरा क्वार्टरबॅक उतरला, पहिल्या वर्षाचा ब्रॉक ग्लेन. त्याच्या फेकींतून संघाला मिळाले जेमतेम ५५ यार्ड. पण बचाव फळीने लुईव्हिलला एकही टचडाऊन करू दिला नाही. निकाल १६-६. तेरा सामने, तेरा विजय, गटविजेतेपद.

इकडे हे चालू असताना शेकडो मैल दूर दुसरीच गोष्ट घडत होती. २५ नोव्हेंबरला अलाबामा संघ ऑबर्नविरुद्ध हरत आला होता. मिनिटाहून कमी वेळ शिल्लक, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, टचडाऊनची रेषा ३१ यार्ड दूर. अशा वेळी सहसा काही होत नाही. जेलन मिलरोने चेंडू कोपऱ्यात फेकला आणि आयझाया बाँडने तो झेलला. अलाबामा २७-२४ असा जिंकला. आठवड्याभराने त्याच अलाबामाने सलग २९ सामने जिंकलेल्या, पहिल्या क्रमांकाच्या जॉर्जियाला पुन्हा २७-२४ असंच हरवून एसईसीचं विजेतेपद घेतलं. ती एक फेक हुकली असती, तर अलाबामाच्या खात्यात दोन पराभव जमा झाले असते आणि फ्लोरिडा स्टेटचा प्रश्न बहुधा निघालाच नसता. ऑबर्नच्या मैदानावर खेळणाऱ्या एकाही मुलाच्या मनात त्या क्षणी तलाहासी नसेल, पण अपुऱ्या सामन्यांच्या मोसमात सगळे असे एकमेकांच्या नशिबाला बांधलेले असतात.

आता समितीच्या खोलीत बसून पाहा. मिशिगन आणि वॉशिंग्टन अपराजित; त्यांच्याबद्दल वाद नाही. दोन जागा उरल्या, आणि दावेदार तीन. अपराजित फ्लोरिडा स्टेट. एकच सामना हरलेला अलाबामा. एकच सामना हरलेला टेक्सास. गुंता असा की टेक्सासने ९ सप्टेंबरला अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ३४-२४ असं हरवलेलं होतं. म्हणजे अलाबामाला आत घ्यायचं तर टेक्सासला बाहेर ठेवता येत नाही. दोघांना घेतलं की जागा संपल्या. अलाबामाला वगळलं तर जॉर्जियाला हरवून एसईसी जिंकणारा संघ बाहेर राहतो. कुठलंही दार उघडा, पलीकडे अन्याय उभा.

आठवड्यापूर्वीच्या क्रमवारीत फ्लोरिडा स्टेट चौथा होता. त्याच्या वरचा जॉर्जिया हरला, खालचा ओरेगॉन हरला, तो स्वतः जिंकला. आणि तो पाचवा झाला. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा हे पहिले चार. समितीचे अध्यक्ष बू कॉरिगन यांनी जे कारण दिलं त्याचा आशय असा होता की ट्रॅव्हिसशिवाय हा संघ पहिल्या अकरा आठवड्यांतला संघ राहिलेला नाही. बलाढ्य गटाचं विजेतेपद अपराजित राहून मिळवलेला संघ या बाद फेरीतून वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

दोन प्रश्न, एकच रकाना

माझ्या मते समितीने नियम मोडला नाही. दुखापतीचं कलम लिहिलेलंच होतं. घोटाळा नियमाच्या पोटात आहे. त्यात दोन वेगळे प्रश्न एकाच रकान्यात कोंबले आहेत. एक प्रश्न मागे पाहणारा: या मोसमात कुणी जास्त कमावलं? दुसरा पुढे पाहणारा: उद्या खेळले तर कोण जिंकेल? बहुतेक वर्षी दोन्हींची उत्तरं जुळतात, म्हणून फट दिसत नाही.

एखाद्या मुलीने दहावीचे सगळे पेपर उत्तम दिले. शेवटच्या पेपरानंतर तिचा हात मोडला. अकरावीच्या प्रवेशाला गेल्यावर तिला सांगितलं, "तुझे गुण सर्वांत जास्त आहेत, पण या हाताने तू पुढच्या परीक्षेत लिहिशील असं वाटत नाही." आपण हे मान्य करू का? आपण म्हणू, गुण तिने मिळवलेत, जागा तिची. मला फ्लोरिडा स्टेटच्या बाबतीतही हेच म्हणावंसं वाटतं. कमावलेलं हे झालेलं असतं. उद्याचं भाकीत हा अंदाज असतो, आणि अंदाज किती फसतो याचा पुरावा याच स्पर्धेत आहे. २०१४ साली ओहायो स्टेटचे पहिले दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले. तिसऱ्या, कार्डेल जोन्सने, गटाचा अंतिम सामना ५९-० असा जिंकून दिला. समितीने त्यांना चौथी जागा दिली. त्यांनी अलाबामाला हरवलं, मग ओरेगॉनला, आणि या स्पर्धेचे पहिले विजेते झाले. तिसऱ्या क्वार्टरबॅकचा संघ जिंकू शकत नाही, असं त्यानंतर कुणी ठामपणे म्हणू नये.

समितीच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. टेक्सास आणि अलाबामाच्या प्रश्नपत्रिका जास्त अवघड होत्या. त्यांची एकमेकांशी झालेली लढत आणि अलाबामाची जॉर्जियाशी झालेली लढत यांच्यासमोर फ्लोरिडा स्टेटचा एसीसीतला प्रवास सोपा दिसतो. घ आणि क यांच्यातला ०.५९ आणि ०.६६ चा फरक तो हाच. पण त्या उदाहरणात क आणि घ दोघेही अपराजित होते. इथे क हरलेला होता.

नंतर

निराशेने फ्लोरिडा स्टेटचा संघ विखुरला. कुणी व्यावसायिक खेळाच्या निवडीसाठी अंग जपायचं ठरवलं, कुणी दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरली. ३० डिसेंबरच्या ऑरेंज बाउल या बाद फेरीबाहेरच्या सामन्यात वीसहून अधिक खेळाडू नव्हते, आणि जॉर्जियाने उरलेल्यांना ६३-३ असं हरवलं. "पाहिलंत, समिती बरोबर होती," असं काहींनी म्हटलं. मला हा पुरावा पटत नाही. तेरा सामने जिंकणारा संघ त्या दिवशी मैदानावर नव्हताच. मिशिगनने ८ जानेवारी २०२४ ला वॉशिंग्टनला ३४-१३ असं हरवून विजेतेपद घेतलं. दरम्यान फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी या निर्णयाविरुद्ध कोर्टात जाण्याची वेळ आली तर म्हणून अर्थसंकल्पात दहा लाख डॉलरची तरतूद सुचवली होती, आणि विद्यापीठाने आपल्याच गटावर, एसीसीवर, खटला भरला होता.

पुढच्याच मोसमापासून बाद फेरीत चारऐवजी बारा संघ आले. त्यांत क्रमवारीतल्या पहिल्या पाच गटविजेत्यांना जागा राखीव होत्या. हा नियम एक वर्ष आधी असता, तर फ्लोरिडा स्टेट पाचव्या मानांकनाने आत गेला असता आणि पहिला सामना तलाहासीत, स्वतःच्या प्रेक्षकांपुढे खेळला असता. बारा संघांच्या पहिल्याच स्पर्धेत दोन सामने हरलेला, समितीने सहावा ठरवलेला ओहायो स्टेट जिंकला. जुन्या नियमात तो दारातही उभा राहिला नसता.

जॉर्डन ट्रॅव्हिसने निवड जाहीर झाल्याच्या दिवशी लिहिलं होतं की आपला पाय मोसमात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं. मग लोकांना दिसलं असतं की हा संघ एका क्वार्टरबॅकपेक्षा मोठा आहे. २०२४ मध्ये न्यूयॉर्क जेट्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं. पाय पुरता सावरला नाही. एकही व्यावसायिक सामना न खेळता त्याने एप्रिल २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. नॉर्थ अलाबामाविरुद्धचा तो सामना, खात्यात एक सोपा विजय पडावा म्हणून जोडलेला, त्याचा शेवटचा ठरला.